खांड्याशी लागलेले लग्न

मी एक जुना खांडा आहे. खांडा म्हणजे रुंद, सरळ पात्याची, दोन्ही बाजूंनी धार असलेली तलवार. तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारखा एखादा संग्रहालयात काचेमागे पाहिला असेल. मी सध्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. माझ्या एका बाजूला जप्त केलेले कोयते आहेत, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी विहिरीवरून चोरीला गेलेली पाण्याची मोटार. माझ्या मुठीला लाखेची मोहर लावलेली चिठ्ठी बांधली आहे. मित्रांनो, इथे येण्याआधी मी एका मुलीचा नवरा होतो. होतो की नव्हतो, यावर अजून एकमत झालेले नाही.

मला एका लोहाराने घडवले. कोणत्या साली, ते मला ठाऊक नाही. जगदाळ्यांच्या घरात माझ्या पराक्रमाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. त्या ऐकताना मलाच नवल वाटते. मी पाहिलेली एकमेव लढाई डोंगराच्या अलीकडून पाहिली. तेव्हापासून माझे काम म्हणजे खंडेनवमीला कोहळा कापणे. मी भरपूर कोहळे कापले आहेत. माणूस एकही नाही.

जगदाळ्यांचे गाव पाटण तालुक्यात आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण ती माणसे अजून तिथेच राहतात. घर सिमेंटचे, पुढे पडवी, मागे म्हशीचा गोठा, ओढ्यापर्यंत ऊस. बैठकीच्या खोलीतच देव्हारा आणि देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीवर मी. त्यामुळे त्या घरात बोललेले सगळे मला ऐकू येत असे. घरातला एक तरी पुरुष नेहमी फौजेत असायचा. आणि फौजेतल्या माणसाची रजा घरच्या मुहूर्ताशी जुळेलच असे नाही. म्हणून फार पूर्वी अशा घरांनी एक तोड काढली होती. नवरदेव येऊ शकला नाही, तर त्याच्या खांड्याशी मुलीचे लग्न लावायचे.

हे माझ्या वाट्याला पहिल्यांदा आले पासष्टच्या लढाईच्या वेळी. नवरदेव सरहद्दीवर होता. मुलीचे नाव बनुबाई. वय पंधरा. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलेही नाही. लढाई संपली, नवरा धडधाकट परत आला आणि पुढे त्यांचा संसार चांगला झाला. त्यामुळे रीत चांगली ठरली. नवरा परत आला नसता तर रीत कशी ठरली असती, याचा विचार कुणी केला नाही. मला पुन्हा भिंतीवर टांगले, आणि मला वाटले, आता आपण कोहळ्यांपुरते उरलो.

बनुबाईंचा मुलगा सयाजी सुभेदार होऊन निवृत्त झाला. सयाजीचा मुलगा वीरधवल फौजेत लागला. त्याचे लग्न सयाजीने वाळवा तालुक्यातल्या तानाजी मोहित्यांच्या मुलीशी ठरवले. मुलगी शिवांजली, बी. ए. झालेली. दोघांची भेट एकदाच झाली. ती पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, आणि त्यात बोलणे झाले ते उसाच्या दरावर.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वीरधवलचा फोन आला. रजा रद्द झाली, येता येत नाही. कराडचे मंगल कार्यालय ठरलेले, आचारी कामाला लागलेला, वाईहून मधुकर गुरुजी निघालेले. सयाजी डोक्याला हात लावून बसला. तेव्हा कोपऱ्यातून बनुबाई म्हणाल्या, "आरं, माजं कसं झालं? खांडा हाय की घरात."

घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा सोडून.

दुसऱ्या दिवशी मला खोबरेल लावून पुसले. मुठीला फेटा बांधला, त्यावर मुंडावळ्या. वीरधवलच्या बहिणीने, संयोगिताने, मला दोन्ही हातांत धरून पाटावर उभे केले. माझ्यापुढे अंतरपाट होता आणि पलीकडे ती मुलगी. तिच्या बाजूच्या बायका चेष्टा करत होत्या.

"नवरदेव लय गप हाय गं."

"शिकल्याला दिसतोय."

"दारू प्यायचा न्हाई, उलटून बोलायचा न्हाई. आसला जावई दिवा लावून हुडकला तरी गावंल का?"

त्या हशात अंतरपाटापलीकडून एक हळू आवाज मला नीट ऐकू आला. शिवांजली वडिलांना म्हणत होती, "आप्पा, त्यास्नी एक फोन लावून द्या. मी इचारते, मग बसते."

"फौजेत फोन लागत न्हाई, बाळा."

"काल लागला की."

"आता माणसं बघायल्यात. हूं."

मंगलाष्टका झाल्या. फोटोवाल्याने मला जरा डावीकडे घ्यायला सांगितले. मंगळसूत्र माझ्या पात्याला टेकवले आणि संयोगिताने ते वहिनीच्या गळ्यात बांधले. तांदळाच्या सात ढिगांवरून संयोगिता मला घेऊन पुढे चालली, शिवांजली मागून. चारशे पान उठले. मला घरी आणून पुन्हा भिंतीवर टांगले, आणि माझ्यापाठोपाठ माप ओलांडून ती आत आली.

मित्रांनो, पुढचे दिवस मी फार जवळून पाहिले. ती पहाटे उठायची. धारा, शेण, चुली-गॅसचे सगळे. बनुबाई मोरीत पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा त्यांना उचलून बसवणे, धुणे, न्हाऊ घालणे हे सगळे तिनेच केले. अमावास्येला मला तेल लावताना ती कधी कधी हळूच विचारायची, "जेवला का?" आणि स्वतःशीच हसायची. सुरुवातीला त्या हसण्यात गंमत होती.

सयाजी लग्नाची नोंद करायला ग्रामपंचायतीत जाऊन आला. ग्रामसेवकाने त्याला हात जोडून परत पाठवले होते. दोघांच्या सह्या लागतात, दोघांचा एकत्र फोटो लागतो. सयाजी पडवीत बसून सांगत होता, "म्हणतोय, सुभेदारसाहेब, खांड्याचा फोटू चालत न्हाई." मग म्हणाला, "पोरगा आला की करू. सरकारचं काय एवढं? लगीन मानसं लावत्यात, सरकार न्हाई."

पोरगा आला आठ महिन्यांनी. तो घरात आलाच नाही, पडवीत बसला. शिवांजली चहा घेऊन दाराशी आली, आणि बापलेकांचे बोलणे ऐकून तिथेच थांबली.

"रजा रद्द झाली नव्हती, आबा. मीच अर्ज मागं घेतला."

"का?"

"मला हे लगीन नको होतं. तुमाला दोनदा सांगितलं. सांगलीत माझं एकीबर ठरलंय. मला वाटलं, नवराच न्हाई म्हटल्यावर लगीन कसं लागंल? मोडंल आपोआप."

सयाजीने दारातून आत भिंतीकडे पाहिले. मग म्हणाला, "घरात खांडा हाय, हे इसरला व्हय रं?"

फौजेत शिपाई म्हणून नेमबाजीत बक्षिसे मिळवलेला हा मुलगा आपल्याच भिंतीवर काय टांगले आहे ते विसरला होता. एवढी एक चूक.

शिवांजलीने चहा खाली ठेवला. "मला सांगायचं होतं की," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. "तुमचा नंबर नव्हता माझ्याकडं."

"तुमच्या बहिणीकडं होता."

त्यावर तो जे बोलला ते मी शब्दशः सांगतो, कारण ते महत्त्वाचे आहे. तो म्हणाला, "लगीन म्हंजे दोघांनी आपल्या तोंडानं हो म्हणायचं. मी म्हटलो न्हाई. तुमालाबी कुणी इचारलं न्हाई. मग हे लगीन कसलं? तुमी मोकळ्या हाय."

लग्न म्हणजे काय याबद्दल मी पुढे पुष्कळांची मते ऐकली. मला अजूनही वीरधवलचेच मत सगळ्यात बरोबर वाटते. ते त्याने लग्नाच्या आदल्या दिवशी मोठ्याने बोलून दाखवले असते, तर मी कोहळे कापत राहिलो असतो आणि ती मुलगी तिच्या घरी राहिली असती. बरोबर मत उशिरा सांगणाऱ्या माणसाला त्याची किंमत पडत नाही. ती दुसऱ्याला पडते.

दोन-तीन महिन्यांत त्याने सांगलीत अश्लेषा नावाच्या मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. महिनाभर कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस होती. कुणी हरकत घेतली नाही. नवऱ्यामुलाचे आधीचे लग्न झाल्याची नोंद कुठेच नव्हती. सरकारच्या दृष्टीने तो ब्रह्मचारी होता. फोटो सयाजीच्या मोबाईलवर आला तेव्हा शिवांजली बनुबाईंना भाकरी कुस्करून देत होती.

मग तानाजी मोहिते आले. सोबत साताऱ्याच्या वकील विनोदिनीबाई. सयाजीने वाईहून मधुकर गुरुजींनाही बोलावून घेतले. सगळे माझ्यासमोर बसले.

सयाजी तेव्हा ताठ होता. "लगीन झालंय," तो म्हणाला. "चारशे माणूस जेवलंय. ती आमच्या घरची सून हाय. पोराचं मी बघून घेतो, पर सून घराभायेर जायाची न्हाई."

विनोदिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे लग्न पूर्ण झालं, असं तुम्ही म्हणताय?"

"व्हय."

"सप्तपदी झाली?"

"झाली. ह्ये गुरुजी बसल्यात."

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "मग तुमच्या मुलानं पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न केलं. तो गुन्हा आहे. शिवांजलीनं तक्रार दिली तर खटला होईल. नोकरीही जाईल बहुतेक."

सयाजीने फेटा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर घातला.

"तसं बघाय गेलं तर," तो म्हणाला, "खांड्याची पूजा झाली. ती दसऱ्यालाबी होतीच."

"आन् मंगळसूत्र?" तानाजींनी विचारले. "त्ये दसऱ्याला कोन घालतंय वो, सुभेदार?"

सयाजीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी उपरणे सारखे केले. "मी मंत्र म्हटले," ते म्हणाले. "मंत्रांत चूक नाही. पण वर परत आल्यावर त्यानं स्वीकार करायचा असतो. तो झाला की पूर्ण. नाही झाला तर... ते यजमानांनी ठरवायचं."

"गुरुजी, तवा असं न्हाई सांगितलं," शिवांजली म्हणाली. ती दाराजवळ उभी होती. "तवा 'सौभाग्यवती भव' म्हटलासा."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले.

तानाजी म्हणाले, "बरं. लगीन झालंच न्हाई म्हणताय न्हवं? मग तसं लिहून द्या. आमी पोरीचं दुसरीकडं बघतो."

"आमी कशाला लिहून द्यावं?" सयाजीचा आवाज चढला. "उद्या गाव म्हणंल, जगदाळ्यांनी लगीन न लावता दुसऱ्याची लेक वरीसभर घरात राबवली. ते लिहून द्यायचं न्हाई."

लग्न झाले असे म्हटले तर मुलगा तुरुंगात जात होता. झाले नाही असे म्हटले तर घराण्याचे नाक जात होते. मुलीला घरात राबवायचे तोवर लग्न पक्के होते. तिचा हक्क समोर येताच ते पातळ झाले. आणि तिला सोडायची वेळ आली, तेव्हा ते पुन्हा थोडे घट्ट झाले.

विनोदिनीबाईंनी बनुबाईंना विचारले, "आजी, तुमचं लग्नही असंच झालं ना? तुम्ही कोर्टात सांगाल का, की ही या घराची रीत आहे?"

बनुबाई खाटेवर पडूनच बोलल्या. "माजं लगीन ह्येच्यासंगं न्हवतं झालं, बाई. आमचं मालक लढाईवरनं आलं, पाय धुतलं नि म्हणालं, भाकर वाढ. तवा झालं. तवर मी निसती पाव्हणी हुते."

"मग त्या दिवशी खांडा आणायला तुमीच का सांगितलंत?" शिवांजलीने विचारले. तिने आवाज चढवला नाही.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

जाताना विनोदिनीबाईंनी खरे काय ते सांगितले. काडीमोड मागायची तर आधी लग्न सिद्ध करावे लागेल. लग्न सिद्ध करायचे तर रीत सिद्ध करावी लागेल, आणि रीत सिद्ध करणारी एकच बाई नाही म्हणते. लग्न झालेच नाही असे कोर्टाकडून जाहीर करून घेता येईल, पण त्याला किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही. "कायद्याच्या दृष्टीनं बहुधा तू अविवाहित आहेस," बाई तिला म्हणाल्या.

"आन् माझ्या गावाच्या दृष्टीनं?"

"ते माझ्या हातात नाही."

शिवांजली त्याच दिवशी बापाबरोबर माहेरी गेली. तिथे तिला बायका टाकलेली म्हणू लागल्या, हे मला संयोगिताच्या फोनवरच्या बोलण्यातून कळले. हेही कळले की माधवनगरला सूतगिरणीत काम करणारा साईराज नावाचा एक माणूस तिला करून घ्यायला तयार होता. विधवा असो, घटस्फोटित असो, त्याच्या घरच्यांची हरकत नव्हती. फक्त काय ते कागदावर पाहिजे होते. उद्या फौजी येऊन म्हणाला, ही माझी बायको, तर?

एके दुपारी शिवांजली आपली पेटी न्यायला आली. सयाजी उसाला पाणी द्यायला गेला होता. ती बनुबाईंजवळ बसली. म्हातारीने तिचा हात धरून विचारले, "कसा हाय गं त्यो?"

"बरा हाय," ती म्हणाली. "त्यानं घरच्यांच्या आधी मला फोन केला. म्हणाला, तुमाला चालंल का."

"आन् तू काय म्हणालीस?"

"व्हय म्हणाले. पर कागद न्हाई, आज्जी."

माझ्याखाली स्टूल होते. ती त्यावर चढली आणि तिने मला भिंतीवरून उतरवले. म्हातारीने पाहिले आणि अंगावरची गोधडी तिच्याकडे सरकवली. नंतर हळू म्हणाली, "वाकळंत गुंडाळ. एस्टीत कुणाला लागंल."

तिने मला घरी नेले नाही. तालुक्याच्या गावी विवाह नोंदणीच्या कार्यालयात नेले. तिथे पंखे होते, बाके होती, आणि हार घालून आलेले एक जोडपे घाम पुसत बसले होते. तिची पाळी आली.

"लग्नाची नोंद करायची आहे," ती लिपिकाला म्हणाली. एवढे वाक्य तिने पाठ केल्यासारखे शुद्ध म्हटले.

"नवरा कुठंय?"

"आणलाय."

"समोर पाहिजे. दोघं समोर असल्याशिवाय होत न्हाई."

तिने वाकळ सोडली आणि मला टेबलावर ठेवले. लिपिकाची खुर्ची मागे सरकली. हार घातलेला नवरदेव बायकोच्या मागे गेला.

"साहेब, माझं लगीन ह्येच्याशी लागलंय," ती म्हणाली. "चारशे माणूस साक्षीला हाय. नोंद करून घ्या. न्हाईतर असं लगीन हुईत न्हाई म्हणून शिक्का मारून द्या. दोन्हीतलं काय बी चालंल. एक द्या."

"ताई, आधी ते आत घाला."

"घालते. कागद द्या."

"असा कागद नसतोय. इथं झालेल्या लग्नाची नोंद होते. न झालेल्याची होत न्हाई."

"झालं का न्हाई, तेच कोण सांगंना."

लिपिक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाणी दिले. पण तोवर कुणीतरी फोन केला होता. दोन शिपाई आले. एका मुलीने सरकारी कार्यालयात नंगी तलवार काढली, असे त्यांना सांगण्यात आले होते. मला फडक्यात गुंडाळून ठाण्यात आणले. तिथे मला टेप लावून मोजले, पात्याची रुंदी लिहिली, पंच बोलावले, सह्या घेतल्या. मित्रांनो, ज्या सरकारला वर्ष-दीड वर्षात एक नोंद करता आली नाही, त्याने माझी नोंद तासाभरात केली. हत्यार, एक नग, विनापरवाना.

हवालदार पन्नाशीचा, शेतकऱ्याच्या घरचा माणूस होता. कागद भरता भरता त्याने विचारले, "नाव?"

"शिवांजली."

"पुढं काय लिवू? वडलांचं का नवऱ्याचं?"

"साहेब," ती म्हणाली, "तेच इचारायला आले होते."

हवालदार हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. त्याने तिच्याकडून सगळी हकिगत ऐकून घेतली, मध्ये एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "पोरी, मला कागुद मोकळा ठेवता येत न्हाई," तो म्हणाला, आणि त्याने लिहिले: शिवांजली तानाजी मोहिते ऊर्फ शिवांजली वीरधवल जगदाळे.

तिच्या प्रश्नाला सरकारकडून मिळालेले हे एकमेव लेखी उत्तर आहे. दोन्ही नावे, आणि मध्ये चोरांच्या नावांत घालतात तो शब्द.

आता तिच्यावर विनापरवाना हत्यार बाळगल्याचा खटला चालू आहे. तारखेला मला कोर्टात नेतात, टेबलावर ठेवतात आणि पुन्हा आणतात. पट्टेवाला व्हरांड्यात तिचे नाव मोठ्याने पुकारतो, दोन्ही नावे, मधल्या शब्दासकट, आणि ती बाकावरून उठून आत येते. पहिल्या काही तारखांना साईराज तिच्याबरोबर यायचा आणि दाराशी डबा घेऊन उभा राहायचा. गेल्या तारखेला ती एकटी आली होती. आरोपी आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले. ती "हजर" म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी म्हणणार नाही. या खोलीत ओल आहे, माझ्या पात्यावर गंज धरू लागला आहे, तो धरू द्या. मला सोडवून नेऊन पुन्हा भिंतीवर टांगू नका. पुढे तुमच्या घरी एखादा मांडव पडेल, आणि ऐन वेळी कळेल की दोघांपैकी एकजण आलेला नाही. त्या वेळी त्याच्या जागी काहीही उभे करू नका. आलेल्या पाहुण्यांना जेवू घाला आणि परत पाठवा. उरलेले अन्न म्हशींना घाला. आणि पाटावर बसवलेली मुलगी फोन लावून द्या म्हणाली, तर तिला फोन लावून द्या. लागला नाही, तर लागेपर्यंत थांबा.